आधी लीद, मग लगाम

इथल्या मुलांच्या घोडेस्वारीच्या क्लबात नाव घालायचं म्हटलं की आधी हातात कागदांचा गठ्ठा पडतो. मुलीचं वय, शाळा, ऍलर्जी, डॉक्टरांचा फोन वगैरे नेहमीच्या गोष्टी त्यात असतातच. पण त्यानंतर जी यादी सुरू होते ती वाचून आपला देशी माणूस जरा दचकतो. घोडा बांधायचा कसा, खूर साफ कोणी करायचे, लीद कोणी उचलायची, आई-बाबांनी वर्षभरात कोणकोणती कामं अंगावर घ्यायची, स्पर्धेच्या दिवशी कुठे उभं राहायचं आणि कुठे अजिबात पाऊल टाकायचं नाही. लेकीला घोड्यावर कधी बसवणार, हे शोधायला मात्र बरीच पानं उलटावी लागतात.

ही यादी मी फोनवर आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "अरे, पोरीला घोड्यावर बसायला शिकवणार आहेत की तबेल्यात कामाला ठेवणार आहेत?"

आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. देशातल्या मित्रांनाही हे सांगितलं की बहुतेकांची प्रतिक्रिया हीच असते: पैसे आपण भरायचे आणि लीदही आपल्याच मुलांनी उचलायची? माझं मत मात्र तीन वर्षांच्या अनुभवानंतर पक्कं झालंय. हे तबेल्यातलं कामच या क्लबांचं खरं शिक्षण आहे, आणि त्या गठ्ठ्यातली सगळ्यात मोलाची अटही तीच आहे. आपल्याकडे हल्ली घोडेस्वारीचे वर्ग निघतायत, त्यांनी इथून काही उचलायचंच असेल तर उंची बूट आणि काळे कोट उचलू नयेत, ही अट उचलावी.

आधी हे क्लब काय असतात ते सांगतो.

मुलांना घोडा शिकवणाऱ्या संस्था इथे पुष्कळ आहेत, पण देशभर पसरलेल्या आणि जुन्या अशा दोन. पहिली पोनी क्लब. ही मूळची इंग्लंडातली, १९२९ सालची. तिच्या धर्तीवर अमेरिकेत १९५४ साली वेगळी संस्था निघाली, तिची मुख्य कचेरी केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला आहे. नावात पोनी असलं तरी तट्टूच हवं असं काही नाही. लहान मूल ज्याच्यावर बसेल तो पोनी, मग तो केवढाही धिप्पाड असो, असा त्यांचा हिशेब. दुसरी संस्था फोर-एच. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणून चार एच, आणि बोधचिन्ह चार पानांचं क्लोव्हर. १९०२ साली ओहायोत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जे मंडळ सुरू झालं तिथपासून हिचा इतिहास सांगतात. राज्याराज्यांतल्या शेतकी विद्यापीठांच्या विस्तार विभागामार्फत ती चालते. तिच्यात कोणी ससे पाळतं, कोणी शिवण शिकतं, कोणी रोबो बनवतं, आणि पुष्कळ मुलं घोड्याचा प्रकल्प घेतात. आमची कन्या अशाच एका क्लबात जाते. नेमका कुठला ते या लेखापुरतं महत्त्वाचं नाही, कारण मुद्द्याच्या अटी सगळीकडे थोड्याफार सारख्याच असतात.

आता त्या अटी.

पहिली गंमत म्हणजे स्वतःचा घोडा असायलाच हवा अशी अट नाही! आपल्याला वाटतं, घोड्याचा क्लब म्हणजे दारात घोडा हवा. पण पुष्कळ मुलं घोडा भाड्याने घेतात, कधी दोघी मैत्रिणींत मिळून एक, तर कधी शिकवणाऱ्या तबेल्याचाच घोडा वापरतात. फोर-एचमध्ये तर 'बिनघोड्याचा घोडा' या अर्थाच्या नावाचा एक प्रकल्पच आहे. ज्या मुलाकडे घोडा नाही, मिळण्याची शक्यताही नाही, त्याने घोड्याचं शरीर, खाणं, रोग, जाती, खर्च हे सगळं शिकायचं, जमेल तेव्हा दुसऱ्याच्या घोड्याला हात लावायचा आणि वर्षाअखेर आपलं काम मांडायचं. मला आधी हे हास्यास्पद वाटलं होतं. वर्षभर असं शिकलेली मुलगी जेव्हा पहिल्यांदा घोड्यापाशी जाते, तेव्हा कुठे उभं राहायचं हे तिला माहीत असतं. नुसता घोडा असलेल्या मुलीला ते माहीत असेलच असं नाही.

दुसरी अट वयाची, आणि ती सैल आहे. फोर-एचमध्ये साधारण आठ ते अठरा, लहानांसाठी वेगळा गट. पोनी क्लबात पंचविशीपर्यंत राहता येतं. तिथे डी, सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत आणि त्या उलट्या चढायच्या आहेत. म्हणजे आपल्या शाळेतल्यासारखं 'ड' तुकडीतून सुरुवात करून 'अ' तुकडीकडे जायचं. डीपाशी आठ वर्षांची चिमुरडी असते. एपर्यंत फार थोडे पोचतात, आणि जे पोचतात त्यांना काही वर्षं लागलेली असतात. प्रत्येक पायरीला परीक्षा. ती नुसती स्वारीची नसते, घोड्याच्या देखभालीचीही असते. ज्याला स्वारी नको, किंवा जमत नाही, तो नुसत्या देखभालीच्या वाटेनेही वर चढू शकतो. उलट मात्र चालत नाही. देखभाल न शिकता नुसती स्वारी करत वर जाता येत नाही. हे एक वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी अट हेल्मेटची, आणि तिथे रदबदली चालत नाही. सायकलचं हेल्मेट चालत नाही. घोडेस्वारीसाठी ठरवलेल्या मानकाचं, आतमध्ये तसा शिक्का असलेलं हेल्मेट हवं, हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद करायचं. बुटाला टाच हवी, कारण सपाट बूट रिकिबीतून आरपार सरकतो आणि पडलेलं मूल घोड्यामागे फरफटत जातं. डोक्याला मार बसल्याची शंका आली की त्या दिवशीची स्वारी संपली, आणि पुन्हा बसायचं ते डॉक्टरांची चिठ्ठी आणूनच. पोर कितीही रडलं, बापाने कितीही "काही नाही हो, ठीक आहे ती" म्हटलं तरी.

चौथी अट मोठ्या माणसांवर आहे. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांची पूर्वपार्श्वभूमी तपासली जाते, त्यांना मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर आडोशाला थांबायचं नाही असा दंडक असतो. इथल्या जिम्नॅस्टिक्सच्या क्षेत्रात जे भयानक प्रकार उघडकीला आले त्यानंतर २०१८ साली या बाबतीत देशपातळीवर कायदाही झाला. आपल्याकडच्या बहुतेक छंदवर्गांत "सर अगदी घरच्यासारखे आहेत" एवढ्यावर भागतं. सर चांगलेच असतील. पण नियम चांगल्या सरांसाठी नसतोच मुळी.

हे झालं प्रवेशापुरतं. खरं काम त्यापुढे सुरू होतं.

डीच्या पहिल्या पायरीवरच्या पोराकडून काय अपेक्षा असते ते बघा. घोड्याजवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, कारण त्याला अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मागून जायची वेळ आली तर एक तर अंगाला हात लावून अगदी चिकटून जायचं, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून लांबून. दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही. लगामाने घोडा खांबाला बांधायचा नाही. आणि बांधायचा तो अशा गाठीने, जी घोड्याने ओढली तर घट्ट बसते पण माणसाने मोकळं टोक खेचलं की एका झटक्यात सुटते. इंजिनिअर म्हणून मला ती गाठ फार आवडते. अर्धा टन वजनाचा घाबरट प्राणी बिथरला तर काहीतरी तुटणारच आहे. ते घोड्याची मान किंवा पोरीची बोटं न होता गाठच सुटावी, अशी आधीच तजवीज केलेली असते. घरातला फ्यूज हेच करतो.

पुढच्या पायऱ्यांवर आकडे येतात. घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सियस, स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे तोंडपाठ असून भागत नाही, मोजून दाखवावं लागतं. साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला सात ते नऊ किलो वाळलेलं गवत खातो, वीस ते चाळीस लिटर पाणी पितो आणि लीद-मूत मिळून वीस किलोच्या वर बाहेर टाकतो. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे पोटात गेलेलं चुकीचं काही परत बाहेर येत नाही, आणि पोटदुखीने घोडे मरतात. म्हणून चंदी एकदम बदलायची नाही, हळूहळू बदलायची. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद आला पाहिजे. आणि परीक्षक प्रत्येक उत्तरानंतर विचारतात, "का?" आमच्या कन्येने आयुष्यात आजवर जितक्या तोंडी परीक्षा दिल्या त्यांत एवढे 'का' कधी ऐकले नव्हते.

फोर-एचमध्ये वही ठेवावी लागते. घोड्यावर किती खर्च झाला, गवत कितीला पडलं, नालबंदाला काय दिलं, डॉक्टर कधी आले, आपण कोणत्या दिवशी काय काम केलं, वर्षाच्या सुरुवातीला काय ठरवलं होतं आणि त्यातलं काय जमलं. दहा-बारा वर्षांचं पोर घोड्याचा ताळेबंद मांडतं. कन्येच्या मैत्रिणीची वही पाहून मला मनापासून हेवा वाटला. आमच्या कंपनीतले काही प्रोजेक्ट मॅनेजर इतका स्वच्छ हिशेब देत नाहीत.

आणि हे सगळं थंडीतही. आमच्याकडे जानेवारीत बादलीतलं पाणी गोठतं. शाळेला बर्फाची सुट्टी मिळते, घोड्याच्या पोटाला मिळत नाही.

आता पालकांकडे वळू, कारण खरी भांडणं तिथे होतात.

या क्लबांची वर्षातली मोठी घटना म्हणजे रॅली. आपल्याकडे ट्रकमधून झेंडे घेऊन जाते ती नव्हे, ही पोनी क्लबातली संघांची स्पर्धा. तीन-चार मुलं स्वारी करतात आणि एक मूल नुसतं तबेला सांभाळतं. त्याला तबेल्याचा व्यवस्थापक म्हणतात आणि त्याचा मान स्वारांइतकाच असतो. परीक्षक दिवसभर हिंडून तपासतात: खोगिराचे पट्टे साफ आहेत का, बादलीत पाणी आहे का, औषधांच्या पेटीत यादीप्रमाणे सगळं आहे का, खूर साफ आहेत का. या देखभालीला वेगळे गुण आणि वेगळं बक्षीस असतं. आणि मुख्य नियम असा की घोडे जिथे बांधलेले असतात तिथे आई-बाबांना प्रवेश नाही. आपल्या खाजगी शिक्षकालाही नाही. मुलांनी आपसात निभवायचं, अडलं तर परीक्षकांना विचारायचं.

हा नियम कागदावर वाचायला सोपा आहे. दोरीच्या अलीकडे उभं राहून पाळायला फार अवघड. पलीकडे आपली पोरगी तंग आवळायला झटतेय, घोडा पोट फुगवून उभा आहे, वेळ चाललाय, आणि आपण हातात कॉफीचा कप धरून बघत बसायचं. गेल्या वर्षी आमच्यातल्याच एका गृहस्थांना राहवलं नाही. "एवढा एक पट्टा ओढून देतो" म्हणत ते दोरीखालून वाकले. व्यवस्थापक असलेली जेमतेम बारा वर्षांची मुलगी समोर आली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, प्लीज मागे व्हा, नाहीतर आमचे गुण जातील." गृहस्थ मागे झाले. त्यांच्या कंपनीत त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत.

पालकांनी दुसरीकडे मात्र राबायचं असतं. क्लब चालवणारी बाई विनापगारी, खजिनदार विनापगारी. कोणी गाडीला घोड्याचा डबा जोडून नेतो, कोणी कुंपण दुरुस्त करतो, कोणी परीक्षेच्या दिवशी सँडविचेस बांधून आणतो. मी वेळापत्रकं आणि गुणांचे तक्ते करतो. आमच्या जातीला तेच येतं!

आमच्या देशी मंडळींत यावर जोरदार चर्चा झडते. एका स्नेह्यांचा युक्तिवाद असा: "मी जास्त फी द्यायला तयार आहे. माणूस ठेवा, तो लीद काढेल, खोगीर चढवेल. माझ्या मुलाचे ते दोन तास वाचले तर गणिताचा क्लास होईल." यात आळस नाही. ज्याने स्वतः हलाखीतून शिक्षण घेतलं, त्याला आपल्या मुलाच्या वेळेची किंमत फार वाटते, आणि त्याला उद्धट म्हणण्याचं काही कारण नाही. तरी मला तो युक्तिवाद पटत नाही, आणि कारण संस्कारांचं वगैरे नाही. कारण सरळ तांत्रिक आहे.

घोड्याबरोबरचे अपघात टाळण्याचं ज्ञान जमिनीवर मिळतं, पाठीवर नाही. तंग सैल राहिला तर खोगीर फिरतं आणि स्वार खाली येतो. बसल्यावर काही पावलांनी तंग पुन्हा का तपासायचा, हे ज्याने स्वतः शंभरदा आवळलाय त्यालाच कळतं. खरारा करताना पाठीवरची दुखरी जागा हाताला लागते. ती न कळता खोगीर चढवलं तर घोडा उसळतो, आणि आपण म्हणतो घोडा खोडकर आहे. खूर साफ करताना अडकलेला खडा सापडतो. तो राहिला तर घोडा दुडक्या चालीत लंगडतो. कान मागे गेले म्हणजे काय, शेपटी आपटतोय ती माशीमुळे की रागाने, हे रोज लीद काढताना नकळत डोळ्यात भरतं. ते काम दुसऱ्याला दिलं की हे ज्ञानही त्याच्याकडे जातं, आणि आपलं मूल आंधळेपणाने एका अनोळखी जनावरावर बसतं. जादा फी भरून आपण त्या मुलाची सुरक्षितता कमी करत असतो.

अर्थात इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. घोडा हा महाग नाद आहे. क्लबाची फी त्यामानाने किरकोळ, पण घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवायचा तर महिन्याला काहीशे डॉलर सहज जातात, आणि नालबंद-डॉक्टर वेगळे. आमच्या क्लबात बहुतेक चेहरे गोरे आहेत. आणि पालकांनी वेळ द्यायची जी अट मला एवढी आवडते, ती दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला दार बंद करते. पैसे नसतील तर सवलत मिळू शकते, शनिवारच मोकळा नसेल तर त्यावर सवलत काढणारा मला अजून भेटलेला नाही. क्लबाबाहेरच्या बड्या तबेल्यांत तर नोकरच सगळं करतात, आणि ते बहुधा मेक्सिको किंवा मध्य अमेरिकेतून आलेले असतात. त्यांच्या हातातून तयार घोडा घेऊन स्वार थेट मैदानात जातो. म्हणजे 'अमेरिकेत श्रमाला प्रतिष्ठा आहे' हे आपलं आवडतं वाक्यही इथे पुरतं खरं नाही. ही प्रतिष्ठा त्या क्लबाच्या नियमाने राखलेली आहे. नियम काढा, लगेच जाईल.

आणि म्हणूनच मला आपल्याकडच्या वर्गांबद्दल बोलायचंय.

घोडा आपल्याला परका नाही. निदान भाषेत तरी नाही. पागा, खोगीर, तंग, रिकीब, तोबरा, चंदी, खरारा, नालबंद, मोतद्दार हे सगळे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंग्रजी शब्द उसना आणायची गरजच नाही. नालासाठी घोडं घेतो कोण, वरातीमागून घोडं कोण आणतं, आणि घोडं पेंड खातं कुठे, हेही आपल्याला पाठ आहे. भीमथडीच्या तट्टांचा अभिमान आपण सांगतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. माथेरानची कितीतरी घरं घोड्यावर चालतात. मुंबईत महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे, एनसीसीतही घोडेस्वारीची पथकं आहेत. आणि गेल्या काही वर्षांत शहरांच्या कडेला मुलांसाठी घोडेस्वारीचे उन्हाळी वर्गही दिसायला लागलेत.

असा एक वर्ग मी मागच्या सुट्टीत पाहिला. भाच्याला सोडायला गेलो होतो. मोतद्दार खोगीर चढवलेला घोडा घेऊन आला. त्याने मुलाला कमरेला धरून वर बसवलं. अर्धा तास त्याने दोर धरून गोल फिरवलं, मुलाच्या आईने फोटो काढले, मग त्याने मुलाला खाली उतरवलं आणि पुढचं मूल बसवलं. हेल्मेट होतं, पण एकच होतं, ते सगळ्यांच्या डोक्यावर फिरत होतं आणि पट्टा लोंबत होता. परत येताना मी भाच्याला विचारलं, घोड्याचं नाव काय रे? माहीत नव्हतं. दोर धरणाऱ्या काकांचं? तेही नाही. महिन्याभराच्या शेवटी त्याला प्रमाणपत्र मिळालं, चांगलं जाड कागदाचं, त्यावर दोन पायांवर उभ्या घोड्याचं चित्र. भाचा खूश होता आणि त्याचा काहीच दोष नाही. त्याला कोणी काही मागितलंच नव्हतं.

यात मला सगळ्यात जास्त खटकला तो मोतद्दाराचा भाग. त्या आवारात घोडा खरोखर ओळखणारा माणूस तो एकटाच होता. कुठल्या घोड्याला कशाची भीती वाटते, कोणाच्या कुठल्या पायाला दुखणं आहे, सगळं त्याला ठाऊक. आणि त्या आवारात सगळ्यात खालचा माणूसही तोच. शिकवणारे 'सर' वेगळे, खुर्चीवर बसलेले. मुलांनी त्याच्याकडून ज्ञान घ्यायचं सोडून सेवा घेतली. दुसऱ्याने घाण काढायची आणि आपण वर बसायचं, ही आपल्या समाजाची किती जुनी सवय आहे ते मी नव्याने सांगायला नको. आपण ती महिन्याची फी भरून आठ वर्षांच्या पोराला शिकवतोय, एवढंच मला म्हणायचंय.

यावर लगेच कोणी म्हणेल, मुलांनी लीद काढली तर मोतद्दाराची नोकरी जाईल. जायचं कारण नाही. वीस किलो लीद रोज पडते, आठवड्यातून दोनदा येणारी मुलं ती किती काढणार! उलट त्याला बढती द्या. खरारा, खूर, तंग, गाठ हे मुलाला त्याने शिकवायचं, मुलाने ते करून दाखवायचं, आणि त्याची सही झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नाही. सहीबद्दल त्याला वेगळा मोबदला. ज्या मुलाला पुढची पायरी हवी ते मूल मग त्याला 'ए' म्हणून हाक मारणार नाही, काका म्हणेल. नियम केल्याने मनं बदलतात असं नाही, पण तोंडातला शब्द बदलतो, आणि तिथपासून सुरुवात होऊ शकते.

वर्ग चालवणाऱ्यांची अडचण मला समजते. अर्ध्या तासाला एक मूल हे गणित सोपं आहे. आधी वीस मिनिटं खरारा आणि नंतर दहा मिनिटं सफाई म्हटलं की मुलं निम्म्यावर येतात, फी वाढवावी लागते, आणि काही आया "आम्ही यासाठी नाही पाठवलं" म्हणून मुलाला काढून नेतात. त्यातली काही जातील. जाऊ द्यावीत. राहतील त्यांना पडायचं कसं आणि न पडायचं कसं दोन्ही येईल. शिवाय घोड्याच्याही पाठीचा विचार करायला हवाच. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको, असा ढोबळ नियम इथे मुलांना शिकवतात. एकापाठोपाठ एक आठ मुलं बसवताना तो नियम, आणि घोड्याला पाणी पाजायचा नियम, पाळला जातो का, हे मुलांनीच विचारायला शिकलं पाहिजे. देखभाल शिकलेलं मूल ते विचारतंच. आमची कन्या आता लग्नाच्या वरातीतला घोडा दिसला तरी आधी त्याच्या तोंडाकडे आणि खुरांकडे बघते, नवरदेवाकडे नंतर.

असो. येत्या मे महिन्यात तुम्ही मुलाला किंवा मुलीला अशा एखाद्या वर्गात घालायचा विचार करत असाल तर फीचा आकडा विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट मिळेल का? खोगीर आमचं मूल स्वतः कधी चढवायला शिकेल? आणि या घोड्याचं नाव काय, त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाचं नाव काय? तिसऱ्या प्रश्नाला खुर्चीवरचे सर अडखळले, तर मुलाचा हात धरून सरळ त्या मोतद्दाराकडे जा आणि त्यालाच विचारा. शिकवणी तिथूनच सुरू झाली तर उत्तम. तीही होणार नसेल, तर फी भरू नका.